एका फडक्यात दोघींचं परस्थान

माझ्या लेकीनं विमानाची दोन तिकिटं काढली आणि फोन केला काकूला. मला नाही, काकूला. मी भिंतीच्या अलीकडे ज्वारी पाखडत बसले होते आणि पलीकडून माझ्या जावेचा आवाज आला, "अवं माय! खरंच काय वं? दोघींचंही काढलं?" त्या दोघींमधली एक मी आहे, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. जाऊ पिठाच्या हातानं तशीच आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, आपण बेंगलोरले चाललो. इमानानं."

मी म्हटलं, "कोण म्हणते?"

"पोट्टी म्हणते ना. आताच फोन आलता."

पोट्टी माझी. नऊ महिने माझ्या पोटात होती, हिच्या नव्हती. हे मी तोंडानं बोलले नाही. सूप तेवढं खाली आपटलं, तर पाखडलेली ज्वारी पुन्हा खड्यांत जाऊन पडली.

नेरमधलं आमचं घर आधी एकच होतं. दोघं भाऊ वेगळे निघाले तेव्हा मधून भिंत घातली, पण ती छपरापर्यंत नेली नाही. वरून हवा खेळली पाहिजे, असं मिस्त्री म्हणाला. हवा किती खेळते देव जाणे, आवाज मात्र सगळे खेळतात. तिच्याकडे फोडणी पडली की इकडे मला ठसका. दीर शाळेत मास्तर, आमचे हे शेती पाहतात. कापूस, तूर, सोयाबीन. म्हणजे पगार भिंतीच्या पलीकडे आणि माती अलीकडे. सासूबाई राहतात माझ्याकडे, पण सकाळचा पहिला चहा घ्यायला जातात तिच्याकडे, कारण तिच्या चहात आलं असते. मीही एकदा आलं टाकून पाहिलं. एक घोट घेऊन म्हणाल्या, "जास्त झालं."

जावेला मूलबाळ नाही. टोचून सांगत नाही, सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही म्हणून सांगते. माझी लेक झाली तेव्हा घर एकत्र होतं. मी थोरली, म्हणून वावरात मी जायचे. जाऊ नाजूक, बारावी शिकलेली, म्हणून ती घरी. वेचणीच्या दिवसांत सकाळी उजाडता उजाडता निघून दिवेलागणीला परत यायचे, तर पोरगी जेवून, तोंडाला पावडर लावून, काकूच्या मांडीवर. मी हात पुढं केले की तिची मान काकूच्या खांद्यात. "येत नाही बाई, राहू द्या," असं जाऊ म्हणायची. बाई बाई करून राहू द्या! मी राहू दिलं, आणि ते राहिलंच.

आता लेक बेंगलोरला कंपनीत आहे. फोनवर माझ्याशी बोलते तेव्हा शहरातली होऊन बोलते. "मला वेळ नाही मिळाला गं आई, तुला सांगते ना." आणि भिंतीच्या पलीकडे काकूचा फोन स्पीकरवर असला की तीच पोरगी, "काकू, मले लय भूक लागली वं, काय केलं आज?" मला मला-तुला, तिला मले-तुले. मी हे यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अवं, भाषा तर भाषा आहे, त्यात कायचं जळणं?" यांना काय समजते? यांना कापसाचा भाव समजते.

जळणंच होतं ते. कशाला लपवू? माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात ते सगळ्या गल्लीला दिसते, मग मी एकटीनं नाही म्हणून काय उपयोग.

त्यात मागल्या दिवाळीत जाऊ नि दीर विमानानं गोव्याला जाऊन आले. तेव्हापासून विमान म्हटलं की गल्लीत हिचा शब्द शेवटचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या घरी, माझ्या सतरंजीवर बसून, माझा तिळगूळ खात बायका तिलाच विचारत होत्या, कान दुखतात का वं, पोटात गोळा येते का, संडास कशी असते. ती सांगत होती. "चॉकलेट चघळायचं म्हणजे कान दुखत नाही." मी वाण वाटत होते, प्लास्टिकच्या चाळण्या होत्या. कोणी चाळणीकडे पाहिलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. म्हटलं, "काकूचं तिकीट रद्द कर. मी एकटी येते."

"एकटी? आई, तुला जमणार नाही."

"काहून नाही जमणार? मी काय अडाणी आहो?"

"तसं नाही गं. एअरपोर्टवर सतरा भानगडी असतात. काकू सोबत असली की मला काळजी नाही. आणि काकूनं कुठं पाहिलंय बेंगलोर? गुरुवारी या, रविवारी परत जा. शुक्रवारी मी सुट्टी टाकते. तिघी मिळून फिरू."

तिघी! मला तिघी नको होत्या. मला दोघी पाहिजे होत्या. माझी पोरगी अन् मी, एका खोलीत, मध्ये भिंत नाही, भिंतीपलीकडे कोणी नाही. तिनं मला बाग दाखवावी, रेशमाची दुकानं दाखवावी, मी तिच्या डोक्याला तेल लावावं. आयुष्यात एवढं मागितलं तर ते काकूसोबत जोडून मिळालं, एकावर एक फुकट.

पण एक गोष्ट मात्र त्या रात्री स्वयंपाक करताना माझ्या ध्यानात आली आणि मी जायला तयार झाले. लेक सुट्टीला घरी येते तेव्हा स्टँडकडून येताना आधी काकूचं दार लागते. ऑटोतून उतरली की ती तिथंच शिरते. तिथं गळाभेट होते, पाणी होते, कधी कधी जेवणही होते, मग माझ्याकडे येते. मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाली, "आई, तिचं दार आधी लागतं ना." बरं. बेंगलोरला कुठं आहे काकूचं दार? तिथं आम्ही दोघी एकाच दारातून बाहेर निघणार. तिथं पोरगी उभी असणार. ती पहिले कोणाच्या गळ्यात पडते ते मी पाहणार होते. आणि खरं सांगते, माझ्या पडावं म्हणून मी विमानात काय, तोफेत बसून गेले असते.

तयारी सुरू झाली. लेकीनं काकूला मुगवड्या आणायला सांगितल्या. "काकूच्या हातच्या." मी विचारलं, "अन् मी काय आणू?" तर म्हणाली, "आई, तू काही करू नकोस, तू नुसती ये." नुसती ये! म्हणजे माझ्या हातचं काही आठवतच नाही का तुला? मी इरेला पेटले. जवसाची चटणी कुटली, कुरड्या घेतल्या, घरची तूरडाळ घेतली, लिंबाचं लोणचं घेतलं. जाऊ म्हणे, "बाई, लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाही, तेल सांडते म्हणून काढून घेतात. मोठ्या बॅगेत ठेवा, पिशवीत गुंडाळून." मी मुद्दाम हातातल्या बॅगेत ठेवलं. ती गेल्यावर गुपचूप मोठ्या बॅगेत हलवलं.

बॅगेला पंधरा किलोची मर्यादा. आमच्याकडे वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजायचा आकड्याचा काटा आहे, तो आढ्याला टांगला. दोघींच्या बॅगा वजनाला. जावेची अकरा भरली. माझी लावली तर काटा असा खाली गेला की आढ्यावरून माती पडली. हे खाटेवर बसून होते, म्हणाले, "एवढा कापूस तर यंदा बाया दिवसाला वेचत नव्हत्या." जाऊ पदर तोंडाला लावून हसली. मग तिनंच माझी डाळ अन् कुरड्या तिच्या बॅगेत भरल्या. मी नको नको म्हणत होते, पण दुसरा इलाज नव्हता. आता माझी डाळ तिच्या बॅगेतून निघणार आणि पोरगी म्हणणार, काकू, डाळ आणली काय वं.

बुधवार उजाडला आणि सासूबाईंनी नवीनच काढलं. त्यांनी विचारलं, "बेंगलोर कोण्या दिशेले?"

दीर म्हणाले, "दक्षिणेले."

"अन् निघता कधी?"

"उद्या, गुरुवारी."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "गुरुवारी दक्षिणेले? दिशाशूळ आहे! गुरुवारी कोणी दक्षिणेले जाते काय रे? मास्तर झाला अन् एवढं समजत नाही?"

दीर म्हणाले, "आई, आधी उत्तरेले नागपूरले जातात, मग तिथून दक्षिणेले." त्यांना वाटलं, मोठा तोडगा काढला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आधी उलटं जाता अन् मग सुलटं? लय चांगलं." त्या ऐकेनात. तिकीट बदलता येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "बदलू नका. आजच परस्थान ठेवा."

परस्थान म्हणजे असं. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असला, तर आदल्या चांगल्या दिवशी आपल्या वापरातल्या वस्तू फडक्यात बांधून, जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायच्या. म्हणजे प्रवासाला आपण त्याच दिवशी निघालो असं धरलं जाते, दुसऱ्या दिवशी फक्त गाठोडं उचलून पुढं जायचं. आमच्याकडे जुनी माणसं अजून पाळतात. आमच्या दक्षिणेला जाऊ, पण ती तर स्वतःच येणार, तिच्या घरी तिचं कसं ठेवणार? म्हणून तिच्या पलीकडची, ब्लाऊज शिवणारी बाई ठरली.

मी म्हटलं, "माझं वेगळं बांधते."

"कायले?" सासूबाई म्हणाल्या. "एका गाडीत जाता, एका इमानात बसता, अन् गाठोडी दोन? दोन गाठोडी म्हणजे दोन वाटा. एकाच फडक्यात बांधा."

घ्या. तिकीट जोडून, डाळ तिच्या बॅगेत, आता परस्थानही तिच्याच फडक्यात. फडकं तिचंच होतं, पिवळं, नवं कोरं. सासूबाईंनी त्यात मूठभर तांदूळ, चिमूटभर हळद अन् सुपारी टाकली. म्हणाल्या, "आता आपापली एकेक वस्तू टाका. जी नसली तर जाणं होणार नाही, अशी. उगाच फाटका रुमाल नका टाकू, परस्थान लागत नाही." जावेनं आपली कुंकवाची डबी टाकली. रोजची, चांदीची. सासूबाई म्हणाल्या, "बरं आहे."

नुसतं बरं आहे. मी विचार केला, आपलं याच्यावरचं पाहिजे. जी नसली तर जाणं होणार नाही अशी वस्तू कोणती? लेकीनं फोनवर दहा वेळा बजावलं होतं, आई, सगळं विसर पण आधार कार्ड विसरू नको, त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. मी उठले, माझं आधार कार्ड आणलं. जावेलाही म्हटलं, "तुझंही आण." ती म्हणाली, "ते कायले बाई?" मी म्हटलं, "आण म्हटलं ना." दोन्ही कार्डं फडक्यात ठेवली आणि सासूबाईंना समजावून सांगितलं, हे नसलं तर विमानात घेतच नाहीत.

सासूबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "थोरली शहाणी आहे माही."

जावेच्या समोर म्हणाल्या. या घरात आल्यापासून त्यांनी मला शहाणी म्हटल्याचं आठवत नाही, आणि तिच्यासमोर तर नाहीच. मी अशी फुगले की बस. जाऊ काही बोलायला गेली होती, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिनं फडक्याची टोकं सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तीन गाठी मारल्या आणि सांगितलं, "पोचल्याबगर सोडायची नाही. मधात सोडली तर परस्थान मोडते."

गुरुवारी सकाळी गाडी आली. मास्तर शाळेत, हे जिनिंगवर कापूस घेऊन. आम्ही दोघीच. सासूबाईंनी दही-साखर दिली. ब्लाऊजवालीच्या दारात गाडी थांबवून गाठोडं उचललं, तिनं कुंकू लावलं, मलाही अन् जावेलाही. गाठोडं हातात धरून कोण बसते, मी ते मोठ्या बॅगेत वरच टाकलं. जावेनं त्या बॅगेला छोटं कुलूप लावलं. गोव्याला जाताना तिनं ते घेतलं होतं. म्हणाली, "बॅग आपल्या हातची जाते ना बाई, कुलूप असलेलं बरं." किल्ली तिनं आपल्या बटव्यात टाकली.

नागपूर येईपर्यंत तिनं लेकीला चार वेळा फोन केला. "हो, निघालो... हो, खाल्लं... हो, आई बसली आहे बाजूले." आई बसली आहे बाजूले! जसं मी एखादं गाठोडं होते. एकदा ती फोन घेऊन खिडकीकडे वळली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मी बाहेर पाहत बसले. कपाशीची वावरं मोकळी झाली होती, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग लागले होते. आमच्या वावरातल्या मात्र यंदा अजून उपटायच्या राहिल्या, हे मला तिथं आठवलं आणि त्याचाही राग आला.

एअरपोर्टच्या दारात बंदूकवाला जवान उभा. लोक रांगेत. जावेनं फोनमधलं तिकीट काढून तयार ठेवलं, कसं धरायचं तेही तिला माहीत. जवान म्हणाला, "आयडी दिखाइए."

मी जावेकडे पाहिलं. जावेनं माझ्याकडे पाहिलं.

ज्याच्याशिवाय आत सोडत नाहीत ते कुलपात, बॅगेत, फडक्यात, तीन गाठींत. गाडीत बसताना ध्यानात आलं नाही, रस्त्यात आलं नाही, आलं ते बंदुकीसमोर. मी शहाणी! हात दाखवून अवलक्षण ते हेच. मागच्या माणसानं घड्याळ पाहिलं. माझ्या कानशिलातून धूर निघाला. मला वाटलं, आता ही म्हणेल, मी तर विचारलं होतं कायले म्हणून. म्हणायला पाहिजे होतं तिनं. मी असते तर गावभर म्हटलं असतं.

तिनं जवानाला हात जोडले. "साहब, मेरेसे गलती हो गई. मैंने बॅग में रख दिया. दो मिनिट." आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही नका घाबरू."

कोण घाबरलं होतं? आणि मेरेसे गलती कशाला? माझी चूकही मला मिळू दिली नाही बाईनं. तीही तिनं घेतली आणि वर चांगली ठरली.

रांगेच्या बाजूला फरशीवर बॅग आडवी केली. बटव्यात किल्ली सापडेना. मग सापडली. वरच गाठोडं. सासूबाईंच्या गाठी म्हणजे गाठी, वावरातल्या बैलाचं दावं त्यांनी बांधलं तर ते तोडावंच लागते. माझी नखं पुरेनात. जावेनं दातात धरून पहिली सोडली, मी दातात धरून दुसरी सोडली. दोघी डोक्याला डोकं लावून फरशीवर, आणि तिसरी गाठ सुटली ती अशी की तांदूळ चहूकडे. जवानाच्या बुटावर तांदूळ. सुपारी गडगडत थेट रांगेत गेली, एका कोटवाल्या माणसानं ती उचलून दोन बोटांत धरून आणून दिली. कार्डं हळदीनं पिवळी. जवानानं अंगठ्यानं कार्डावरचं माझं तोंड पुसून पाहिलं, मग जावेचं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "जाइए माताजी, दोनो जाइए."

आत गेल्यावर जाऊ म्हणाली, "सासूबाईले सांगायचं नाही. परस्थान नागपुरातच मोडलं."

मला हसू आलं. तिलाही आलं. आम्ही दोघी त्या चकचकीत फरशीवर पोट धरून हसलो, लोक पाहत होते. नवीन लग्न होऊन आलो तेव्हा चुलीजवळ असंच हसायचो, सासूबाई खाकरल्या की थांबायचो. पण हसणं संपल्याबरोबर मला हसल्याचाच राग आला. धड रागावूही देत नाही ही बाई.

विमानात खिडकीची जागा तिची होती, मधली माझी. ती म्हणाली, "बाई, तुम्ही बसा खिडकीत. माझं पाहून झालं."

माझं पाहून झालं! ऐकलं ना? दुसरी कोणी म्हटली असती तर मी आनंदानं बसले असते. हिनं म्हटलं म्हणून मला ती खिडकी उष्टी वाटली. तरी बसले. सोडते की काय. विमान धावायला लागलं तेव्हा पोटात जो गोळा आला तो हळदीकुंकवाला तिनं सांगितला होता त्याच्यापेक्षा मोठा होता, पण मी हूं का चूं केलं नाही. तिनंच माझं मनगट धरलं. डोळे घट्ट मिटून घेतले होते, ओठ हलत होते. गोव्याचं विमान सगळ्या गल्लीला समजावून सांगणारी बाई! मी मनगट सोडवलं नाही. पण मनात म्हटलं, पोट्टे, तुझी काकू भित्री आहे, तुला माहीत आहे काय? मग खाली पाहिलं. वावरं एवढी एवढी. ढगाच्या वर ऊन होतं. फार छान होतं, खोटं बोलणार नाही.

बेंगलोरला उतरलो. पट्ट्यावरून बॅगा फिरत येतात, तिथं मी जावेच्या एक पाऊल पुढं उभी राहिले. बाहेर जायच्या रस्त्यावरही मी एक पाऊल पुढंच राहायचं ठरवून ठेवलं होतं. ढकलगाडीवर बॅगा चढवल्या, आणि बाहेरचं काचेचं दार दिसायला लागलं तशी जाऊ थांबली.

"बाई, मी जरा बाथरूमले जाऊन येते. तुम्ही व्हा पुढं. ही गाडी मी आणते."

मी तिच्याकडे पाहिलं. आयतं मैदान सोडून चालली होती. मला वाटलं, काय भोळी बाई आहे, हिला काहीच समजत नाही. म्हटलं, "जा, जा, आरामात ये." पदर नीट केला. कपाळावरचा घाम पुसला. आणि मोकळ्या हातानं, एकटी, त्या दारातून बाहेर पडले.

कठड्याच्या पलीकडे माणसंच माणसं, हातात पाट्या. लेक मला आधी दिसली. वाळली होती. केस कापून खांद्यापर्यंत केले होते, मला सांगितलं नव्हतं. मी हात वर केला आणि ती लोकांना बाजूला सारत धावत आली. खरंच धावत. लहानपणी कधी माझ्याकडे अशी धावली नव्हती, किंवा धावली असेल तर मी वावरात होते. माझ्या गळ्यात पडली. "आई," म्हणाली, "आई, आलीस!" आणि मला असं घट्ट धरलं की माझ्या बांगड्या तिच्या पाठीत रुतल्या. एवढंच मनात आलं की आता हे विमान, हे गाव, ही बाग, काही नाही दाखवलं तरी चालेल.

मग ती माझ्या कानाशी हसली. म्हणाली, "काकू म्हणालीच होती."

"काय म्हणाली होती?"

"म्हणाली, मी आत थांबते, तू आधी आईला भेट. नाहीतर तुझी आई चार दिवस धड बोलायची नाही." पुन्हा हसली. "सकाळी गाडीतून फोन केला होता ना तिनं, तेव्हाच ठरवलं आम्ही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हेही त्या दोघींनीच ठरवलं होतं. माझ्या बाजूला बसून, खिडकीकडे तोंड करून. माझं जळणं तिला माहीत होतं. किती वर्षांपासून माहीत होतं कोणास ठाऊक. ते तिनं माझ्या पोरीलाही सांगितलं, आणि मग दोघींनी मिळून, लहान लेकराची समजूत घालावी तशी माझी सोय लावली. मी समजत होते मैदान मीच मारलं. सोडून द्यावंसं वाटलं पोरीला. हात झटकावे आणि म्हणावं, जा तुझ्या काकूकडे.

पण तिचे हात अजून माझ्या गळ्यात होते. कोणी सांगितलं म्हणून असतील, तरी होते. तिच्या मानेला घामाचा वास येत होता, तोच, पाळण्यातला.

काचेचं दार उघडलं आणि जाऊ बाहेर आली. ढकलगाडीवर दोन्ही बॅगा, माझी जड बॅग वर, ती वाकून ढकलत होती. आम्हाला पाहून ती तिथंच थांबली, कठड्याच्या आत. पुढं आली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि उभी राहिली.

लेकीनं मान वळवली. "आई, काकू आली."

"दिसली मले," मी म्हटलं, आणि हात आणखी घट्ट केले. "उभी राहू दे तिले थोडी."